धाकूशेठची कारभारीण

योगिनीने त्या सकाळी मनाशी पक्कं केलं होतं. आज धाकूशेठला तोंडावर सांगायचं, ठाण्याच्या कॉलेजात इतिहास शिकवायची नोकरी लागली आहे, सोमवारपासून मी येणार नाही. एवढंसं वाक्य. पण दिवा गावातल्या त्या ऑफिसची पायरी चढली, की ते मेलं बाहेरच पडायचं नाही.

तिची डॉक्टरेट आठशे वर्षांपूर्वीच्या जपानवर होती. ओए नो हिरोमोतो हा राजधानीतला पंडित दूर कामाकुराला गेला आणि तलवारबहाद्दरांचा कारभार पाहू लागला, त्याच्यावर. असल्या पदवीला दिव्यात कोण विचारतो? विचारलं ते धाकूशेठने, आणि आपला कारभार पाहायला ठेवून घेतलं. बापजाद्यांच्या शेतांवर त्याने इमारती उठवल्या होत्या, पाण्याचे टँकर त्याचे, आणि गावची भांडणं मिटायची तीही त्याच्याच दारात. पुतणे दणकट, पण साधा अर्ज लिहायचा तर घाम फुटायचा. योगिनी आली आणि मारामारीवर जाणारे तंटे बोलण्यावर मिटू लागले.

"तो तुजा जपानी परत गेला का गो घरी?" शेठने एकदा विचारलं होतं.

"नाही. तिकडेच म्हातारा झाला."

"मंग शाना होता," म्हणत शेठ खदखदून हसला होता. तीही हसली होती, आणि त्या हसण्याचा तिला आता राग यायचा.

आज ऑफिसात वातावरण तापलं होतं. शेठच्याच एका इमारतीतल्या बायकांनी टँकर परत पाठवला होता. पाणी गढूळ येतं, आम्हाला नळ हवा, आणि नळ अडवतो तो शेठच, असं म्हणत त्या रस्त्यात हंडे मांडून बसल्या होत्या. त्यांची पुढारीण नंदाताई, म्हणजे योगिनीची आई. दोघी त्याच इमारतीत राहायच्या. "आज तू तिथून मोकळी होऊन ये," सकाळी हंडा उचलताना आई म्हणाली होती, "म्हणजे मला मान वर करून बसता येईल."

शेठच्या बैठकीची रीत ठरलेली होती. सगळ्यांनी आधी बोलून घ्यायचं, योगिनीने शेवटी. ती बोलली की विषय संपला.

"पोरं घेऊन जातो आणि हंडेच फेकून देतो ना," पुतण्या दिपेश म्हणाला.

"बाया हायत रे त्या," शेठची बहीण रतन म्हणाली. "बसूदे. दमतील नि उठतील."

शेठ योगिनीकडे वळला. "बाय, तुजी आयस हाय तिथं. नको बोलायचं तर नको बोलू."

सुटकेचं दार त्याने स्वतःच उघडून दिलं होतं. नको म्हणायचं, सोमवारचं सांगायचं, उठायचं. पण समोर दोन चुकीचे सल्ले पडले होते आणि बरोबर सल्ला तिच्या जिभेवर येऊन बसला होता. चूक समोर दिसत असताना गप्प बसणं तिला जन्मात जमलं नव्हतं.

"हात लावलात तर बोभाटा होईल," ती म्हणाली. "थांबलात तर संध्याकाळपर्यंत शेजारच्या इमारतीही येऊन बसतील. आत्ताच टँकर न्या. स्वच्छ पाणी, फुकट. पण मागच्या गेटला लावा. ज्यांच्या घरी तान्ही मुलं आहेत त्यांना आधी हाक मारा. एक उठली की बाकीच्या उठतील. माझ्या आईला हाक मारू नका."

बोलून झाल्यावर तिला हिरोमोतो आठवला. राजधानीशी लढाई उभी राहिली, तेव्हा कामाकुराचे शूरवीर वाट अडवून थांबू म्हणत होते. हिरोमोतो म्हणाला, थांबू नका, थेट चालून जा. आणि त्याचा थोरला मुलगा राजधानीच्या बाजूने उभा होता! प्रबंधात तिने त्याला निष्ठा म्हटलं होतं. निष्ठा कसली डोंबलाची, त्या माणसाला फक्त बरोबर उत्तर येत होतं.

दुपारी ती घराकडे गेली तर रस्ता मोकळा. शेजारच्या जागृतीने तिला पाहून भरलेला हंडा आत ओढला आणि दार लावून घेतलं. आई मात्र उन्हात एकटी बसून होती.

"मागच्या गेटची अक्कल दिपेशची नाही," आई म्हणाली. "सोमवारचं सांगितलंस?"

योगिनी तिचा रिकामा हंडा उचलायला वाकली. आईने तो मांडीशी ओढला. "राहू दे. जा तू, शेठ खोळंबला असेल."

शेठ खरंच खोळंबला होता. सगळेच तिची वाट पाहत होते, आणि ते पाहून तिला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचीच तिला भीती वाटली.

"शेठ, सोमवारी..." ती म्हणाली.

"सोमवारी काय गो?"

सगळे कान देऊन ऐकत होते. योगिनी आपल्या खुर्चीवर बसली.

"सोमवारी नळाची पाहणी करायला पालिकेची माणसं येतील," ती म्हणाली. "त्यांचं काय करायचं, ते आत्ताच ठरवू."