गजाननरावांचं ऊन

थंडी सुरू झाली की आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सकाळचं ऊन पाण्याच्या टाकीच्या भिंतीला टेकतं, आणि त्या उन्हात गजाननराव टेकतात. बसायला वेताचा मोढा, कानटोपी, शालीत गुंडाळलेले पाय आणि मांडीवर भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. ऊन सरकतं तसा त्यांचा मोढा सरकतो. दुपारी सुनेने हाक मारली की खाली जाऊन जेवतात आणि पुन्हा वर येतात. जगतपुऱ्याच्या स्टेशनात शिरणारी गाडी दिसली तर बघतात. नाही दिसली तर तिची वाटही बघत नाहीत.

विमा कंपनीत मोठे अधिकारी होते ते. मी शाळेत शिकवत होतो, इथेच, जयपुरात. दोघेही थोड्याफार अंतराने निवृत्त झालो. मी महिनाभरही घरी बसू शकलो नाही. सोसायटीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये दर रविवारी मराठीचा वर्ग सुरू केला. इथे बदलीवर आलेली मराठी कुटुंबं बरीच आहेत, बँकेतली, विम्यातली, सरकारी नोकरीतली. त्यांची मुलं घरी मराठी ऐकतात आणि हिंदीत उत्तर देतात. मला मुलांना शिकवायला मनापासून आवडतं. आठवडाभर मी पुठ्ठे कापतो, चित्रं रंगवतो, शब्दांचे खेळ तयार करतो. मुलाला शब्द सापडेपर्यंत मी कितीही वेळ थांबू शकतो. मी कधी ओरडत नाही. शेजारी, म्हणजे आमच्या मजल्यावरचे सगळे, माझ्या धीराचं कौतुक करतात.

गजाननरावांनाही मी सुरुवातीला बोलावलं होतं.

"या की रविवारी. एखादी गोष्ट सांगा मुलांना."

"कशाला?"

"वेळ चांगला जातो."

"माझा जातोच आहे की, मास्तर. उलट फार भरभर जातो. आत्ता सकाळ झाली होती, बघा, तर संध्याकाळ."

हे त्यांनी इतक्या समाधानाने सांगितलं की मला रागच आला. दिवस घालवल्याचा हिशेब ज्याला द्यावासा वाटत नाही, अशा माणसाचं काय करायचं?

तरीही तोवर ठीक होतं. नोव्हेंबरनंतर वर्ग संपला की मुलं घरी जाण्याऐवजी जिना चढून गच्चीवर जायला लागली. मग वर्ग संपायच्या आधीच त्यांची नजर जिन्याकडे जायला लागली. मला ती 'सर' म्हणायची. वरच्या त्या निष्क्रिय गृहस्थाला 'गज्जूआजोबा'. हे नाव त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मी तेवढ्याच वयाचा आहे, केसही माझे जास्त पांढरे आहेत, पण मला आजोबा म्हणावंसं एकाही मुलाला वाटलं नाही.

"काहीतरी करपतंय," एका रविवारी जेवताना माझी बायको सुनंदा म्हणाली.

"गॅसवर तर काही नाही."

"मग तुमच्यातच असेल."

"मी कशाला जळू? काय करतो तो माणूस?"

"तेच तर. काहीच करत नाही बिचारा, आणि तुम्ही जळता." तिने माझ्या पानात भाजी वाढली. "भार्गवी आज बोलली का?"

ही भार्गवी म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या सोनलची मुलगी. चौथीत आहे. वर्गात येते, सगळं नीट ऐकते, चित्रं सुंदर काढते, पण मराठीत तोंड उघडत नाही. तिला प्रश्न विचारला की ती माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे बघत थांबतो, मोठ्या मायेने थांबतो, आणि ती मान खाली घालते. सोनल एकदा रडवेली झाली होती. अकोल्याहून आजीचा फोन आला की ही पोर फोन आईकडे देते आणि आजीला वाटतं, नात आपल्यावर रुसली आहे. मी सोनलला शब्द दिला, "संक्रांतीला भार्गवी सगळ्यांसमोर मराठीत गोष्ट सांगेल. माझ्यावर सोड."

तो शब्द मला आता रोज टोचत होता.

संक्रांतीचा कार्यक्रम मी सकाळी अकराला ठेवला. मुलं गोष्टी सांगतील, मग तिळगूळ.

"सकाळी?" सुनंदा म्हणाली. "संक्रांतीच्या सकाळी? जयपुरात?"

"संक्रांत आपलीही असते."

"तिळगूळ संध्याकाळीही गोडच लागतो हो."

"सकाळी मुलं ताजी असतात."

"ताजी असतात, पण कुठे असतात?"

आईवडिलांपैकी कुणीच नाही म्हणालं नाही. सरांना नाही कसं म्हणायचं? सगळे "हो हो, नक्की" म्हणाले. मी इथे उभं आयुष्य काढलं आहे. चौदा जानेवारीला या शहरात जमिनीवर माणूस सापडत नाही, सगळं जयपूर गच्च्यांवर असतं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण आमच्या घरी संक्रांत म्हणजे तिळगूळ, हळदीकुंकू, सुगडं. पतंग ही शेजाऱ्यांची गोष्ट, असंच मी कायम धरून चाललो होतो. आणि खरं सांगायचं तर मला मुलांनी निवड करायला हवी होती. माझी.

अकरा वाजले. सतरंज्या अंथरलेल्या, भिंतीवर मी रंगवलेला पतंगाचा मोठा तक्ता, त्यावर रंगांची नावं. मध्ये मी, मांडीवर लाडवांचा डबा. बाहेरून गाणी, भोंगे आणि मधूनच सगळ्या मोहल्ल्यातून एकदम उठणारी आरोळी, "वो काटा!"

बऱ्याच वेळाने सोनल घाईघाईने आत आली. ओशाळली होती.

"सर, सॉरी. सगळी वरच आहेत. भार्गवीपण. मी ओढून आणते तिला."

"नको," मी म्हणालो. "मीच जातो."

जिना चढताना मी काय काय बोलायचं ते जुळवत होतो. शेवटच्या पायरीवर थबकलो, कारण मला भार्गवीचा आवाज ऐकू आला.

ती कठड्याजवळ उभी होती, बोटांना चिकटपट्टी गुंडाळलेली, हातात दोरा. तिच्या मागे मोढ्यावर गजाननराव. कानटोपी डोळ्यांवर ओढलेली. दोन्ही तळव्यांवर चरखीचे दांडे नुसते टेकवलेले, आणि मध्ये दोऱ्याचं ते गुंडाळं आपलं आपण गरगरत होतं.

"आता काय?" टोपीखालून गजाननराव म्हणाले.

"आता ना, एक काळा येतोय. त्याला मोठी पूंछ आहे. तो खालून घुसतोय आपल्या."

"हं."

"आणि समोरचे अंकल आपल्याला बघतायत. मगाशी त्यांचा लाल कटला ना, मतलब, मी कापला ना, म्हणून चिडलेत."

"चिडू देत. शेंग दे एक."

"माझे हात बिझी आहेत, आजोबा! तुमची तुम्ही घ्या."

"माझेही बिझी आहेत."

"तुम्ही तर काहीच नाही करत!"

"तेच करतोय."

ती खळखळून हसली. मी डबा घट्ट धरून दारात उभा होतो. खाली भिंतीवर माझा पतंग होता, त्यावर सात रंग, प्रत्येक रंगाचं नाव सुवाच्य अक्षरात. आणि इथे ही मुलगी न थांबता, अडखळली तरी तशीच पुढे बोलत होती. एका आळशी माणसाशी, ज्याने तिच्यासाठी कागदाचा एक तुकडाही कापला नव्हता. माझ्या छातीत जे झालं त्याला दुसरं नाव नाही. मला त्यांचा हेवा वाटला. इतका की आनंद व्हायला जागाच उरली नाही.

मी जवळ गेलो. "गजाननराव, हे कसं जमवलंत?"

"काय?"

"ही तुमच्याशी मराठीत बोलते."

"मग कशात बोलणार? आधी हिंदीत बोलत होती. मी सांगितलं, बाळा, सबंध नोकरी हिंदीत केली, आता मी हिंदीतूनही रिटायर झालोय. ऐकायला डोकं चालवावं लागतं. मराठीत सांगणार असशील तर सांग, नाहीतर मी झोपतो."

"आणि हे आकाशात काय चाललंय ते विचारणं?"

"मान वर केली की मला गरगरतं. मग कुणीतरी सांगायला नको?"

"म्हणजे तुम्ही हे ठरवून..."

"ठरवून?" त्यांनी टोपी वर केली आणि माझ्याकडे खऱ्याखुऱ्या आश्चर्याने पाहिलं. "मास्तर, ठरवायचं काम मी सोडून दिलंय."

त्यांनी हे ठरवून केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. निदान आम्ही दोघं एकाच धंद्यातले ठरलो असतो.

"धरा जरा," ते म्हणाले. "हाताला मुंग्या आल्या."

मी डबा खाली ठेवला आणि चरखी घेतली. आता मुलगी माझ्याशी बोलेल. मी दांडे नीट पकडले, पाय रोवून उभा राहिलो, आणि भार्गवीकडे बघत थांबलो.

ती गप्प झाली. वर काळा पतंग आमच्या निळ्याला येऊन भिडला होता. गच्चीवरची सगळी मुलं ओरडायला लागली, "ढील दे, ढील दे!" भार्गवीने दोरा सैल सोडला. पण माझ्या मुठीत चरखी फिरेना. दोरा ताठ झाला, तिच्या बोटांतून ओढला गेला, आणि मग एकदम हलका. समोरच्या गच्चीवर भोंगा वाजला. "वो काटा!"

निळा पतंग डुलत रेल्वेच्या रुळांकडे निघून गेला.

भार्गवी गर्रकन वळली. "सर! काय केलं तुम्ही! एवढं घट्ट कोण धरतं? ती फिरायला पाहिजे ना! नुसती हातावर ठेवायची असते! आजोबांना येतं, तुम्हाला कसं नाही येत?"

सोनल माझ्यामागून वर आली होती, तिने तोंडावर हात ठेवला. मुलीने सरांना झापलं म्हणून, की मराठीत झापलं म्हणून, मला कळलं नाही. मी म्हणालो, "चुकलं माझं."

दुसरा पतंग बांधला गेला, हिरवा. भार्गवीने चरखी गजाननरावांकडे नेली.

"मास्तरांनाच दे," ते म्हणाले.

"नको. परत कटेल."

"कटू दे. हात झोपलाय माझा. आता बाकीचाही झोपणार." आणि त्यांनी टोपी खाली ओढली. मला वाटलं, मोठेपणा दाखवताहेत. पण हिरवा पतंग वर चढेपर्यंत ते खरोखर घोरायला लागले होते.

मी शेजारी जमिनीवर बसलो. दांडे तळव्यांवर ठेवले. बोटं आपोआप मिटत होती, ती मी परत परत उघडत होतो. भार्गवी आकाशाकडे बघत होती, मी भार्गवीकडे.

"सर," ती वळून म्हणाली, "तुम्ही मला असं बघू नका ना."

"कसं?"

"तुम्ही थांबलेले असता. मतलब, मी बोलणार म्हणून. मग मला काहीच येत नाही."

जन्मभर ज्या धीरासाठी लोकांनी मला चांगलं म्हटलं, तो या पोरीला असा दिसत होता. मी विचारलं, "मग कुठे बघू?"

तिने थोडा विचार केला. "आजोबा बघतात तसं. कुठेच नाही."

मी डबा पाहिला. मग डबाही पाहायचा सोडला आणि डोळे मिटले. शिकवण्याच्या नोकरीत मला इतकं अवघड काम कधी पडलं नव्हतं. डोळ्यांवर ऊन नव्हतं. मी बसलो होतो तिथे भिंतीची सावली होती आणि फरशी गार होती. बराच वेळ काहीच झालं नाही. मग तळव्यांवर चरखी हळूच फिरायला लागली. गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं.

"एक पिवळा येतोय," भार्गवी म्हणाली. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही.

कुठून, केवढा, कुणाचा, सगळे प्रश्न माझ्या जिभेवर येऊन उभे राहिले. मी म्हणालो, "हं."

"तो एकटाच आहे. त्याला लढायचं नाहीये बहुतेक. तो नुसता फिरतोय. आपण त्याला नाही कापायचं, ओके?"

"हं."

"आणि तिकडे खूप दूर एक जण आहे, एकदम छोटा, आजीच्या टिकलीएवढा..."

सोनल कधीतरी येऊन जवळ बसली. "सर," तिने कुजबुजत विचारलं, "खाली गोष्ट सांगायला नेऊ का हिला?"

"नको," मी डोळे न उघडता म्हणालो. "सांगतेय ती. अकोल्याला फोन लाव. फोन मात्र तिच्या हातात देऊ नकोस, नुसता इथे ठेव."

ती फोन लावून लाडवांच्या डब्यावर ठेवून मागे सरकली. पिवळ्या पतंगाचं पुढे काय झालं ते भार्गवी सांगत राहिली, आणि फोनमधून मध्येच एक म्हातारा आवाज म्हणाला, "अगो बाई! मग?"

भार्गवीने मान वळवली नाही. तिचे हात बिझी होते. "मग काय, आजी," ती म्हणाली, "मग तो हिरव्याच्या बाजूला आला."

खांदे दुखायला लागले तरी मी चरखी सोडली नाही. गजाननराव घोरत होते. त्यांनी यातलं काही पाहिलं नाही, ऐकलं नाही, आणि उठल्यावर कुणी सांगितलं असतं तरी "हो का?" म्हणून शेंग फोडली असती. त्या झोपेचा मला पुन्हा, अगदी पहिल्याइतकाच, हेवा वाटला.

मग माझे पाय उबदार झाले, गुडघे झाले. डोळे किलकिले करून पाहिलं तर ऊन सरकलं होतं. मोढा सावलीत गेला होता, आणि ऊन माझ्यावर आलं होतं.

गजाननरावांनी झोपेतच शाल गळ्यापर्यंत ओढून घेतली. शेजारधर्म म्हणून त्यांना उठवायला हवं होतं.

मी उठवलं नाही.