ठेला तुटला नव्हता

घाटंजीच्या बाजारात कुठल्याही हातठेल्याची पुढची पट्टी पाहा, तिच्यावर लोखंडी अक्षरांत एकच नाव दिसेल: कय्युम. रंगवलेलं नाही, वेल्डिंगनं चिकटवलेलं. रंग उडतो, असं कय्युमभाईंचं म्हणणं. बसंतीबाई भाजीवालीचा ठेला चौदा वर्षांचा आहे. टायर दोनदा बदलले, बाकी जसाच्या तसा.

म्हणून संघदीप त्यांच्या वेल्डिंगच्या दुकानात आला, तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. संघदीप मूळचा बोरी अरबचा, पुण्यात सिनेमाचं शिकलेला. तो आवाज नसलेला विनोदी सिनेमा काढत होता. एका शूटिंगमध्ये एक भाजीवाली चुकून ठेला घेऊन घुसते आणि सगळ्यांचा बट्ट्याबोळ होतो, अशी गोष्ट. बोलणं नाही, नुसती धावपळ आणि पडापडी.

"चाचा, ठेला मजबूत पाहिजे. त्याच्यावर एक जाडा माणूस बसणार हाय."

"एक कायले? तीन बसव."

चार दिवस खपून कय्युमभाईंनी ठेला केला. सिनेमात दिसणार म्हणून नावाची अक्षरं बोटभर मोठी ठेवली. शूटिंगच्या दिवशी दुकान बंद करून, धुतलेला कुर्ता घालून, बायको कमरुन्निसाला घेऊन ते बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात गेले. अर्धं गाव तिथं लोटलं होतं. दोरी बांधून लोकांना मागं ठेवलं होतं. मधोमध पांढरे पडदे, दिवे, एक मोठा पंखा, बाजूला कापसाचा ढीग.

यवतमाळची उर्वशी भाजीवाली झाली होती. टमाटे भरलेल्या ठेल्यावर एक जाडा नट भोंगा घेऊन बसला. उर्वशीनं ठेला ढकलला. दहा पावलं गेला असेल नसेल, पुढच्या चाकांचा दांडा, आक्सल, मोडला, चाक सुटलं, जाडा नट टमाट्यांवर आणि उर्वशी त्याच्यावर. सगळं गाव खदखदून हसलं. कॅमेऱ्याच्या अगदी तोंडासमोर नाव होतं: कय्युम.

"वा कय्युमभाई!" हार्डवेअरवाले विठ्ठलराव मागून ओरडले. "पहिल्याच दिवशी चाक निघालं!"

कय्युमभाईंचे कान तापले. कमरुन्निसानं बाही धरली. "अजी, रहने दो." पण ते दोरीखालून आत गेलेसुद्धा. ठेल्याजवळ बसून त्यांनी आक्सल पाहिला. मोडलेलं लोखंड दाणेदार दिसतं, कापलेलं आरशासारखं चमकतं. इथं चारातले तीन हिस्से चमकत होते. कोणीतरी आरीनं कापून, टोकाला जरासं शिल्लक ठेवलं होतं.

"कोणं कापला हा?" चाक हातात घेऊन ते उभे राहिले.

कॅमेरा अजून चालूच होता, थांबा असं कोणी म्हटलं नव्हतं. जाड्या नटाला वाटलं, हा म्हातारा सीनमध्येच आहे. त्यानं घाबरल्याचं तोंड केलं आणि पळाला. जो पळतो तोच चोर, असं समजून कय्युमभाई मागं धावले. तिसऱ्या पावलाला टमाट्यावर पाय पडला. हातातलं चाक सुटून घरंगळत गेलं आणि दिव्याच्या तिकाटण्याला भिडलं. दिवा पडद्यावर, पडदा जाड्या नटावर आणि त्याला आवरायला आलेल्या दोघांवर. पडद्याखाली तिघं तीन दिशांना पळू लागले आणि तसेच पंख्यावर जाऊन आदळले. पंखा फिरला तो थेट कापसाच्या ढिगाकडं. क्षणात आवारात पांढरा धुरळा. मधोमध कय्युमभाई, दाढीत कापूस, हात वर करून ओरडताहेत: "सव्वीस वर्षं झाली! एक ठेला वापस नाही आला माहा! हा तुटला नाही, कापला यायनं! इकडं या, हात लावून पाहा!"

दोरीपलीकडं लोक पोट धरून हसत होते. संघदीपनं बऱ्याच वेळानं कट म्हटलं आणि धावत येऊन कय्युमभाईंचे हात धरले.

"चाचा, सोनं दिलं तुम्ही! लिहूनही असं जमलं नसतं."

"मी भांडून राह्यलो होतो, बेटा. तुले हसू कायचं आलं?"

"पण चाचा, घाबरू नका. तुमचं बोलणं रेकॉर्डच नाही केलं. आवाजच नाही ना सिनेमाले."

कय्युमभाईंनी त्याच्या हातातून हात सोडवून घेतले. ठेला मोडलेला दिसणार, नाव दिसणार, आणि त्यांनी घसा फोडून जे सांगितलं ते तेवढं ऐकू येणार नाही. मोडका आक्सल उचलून ते बाहेर पडले. वाटेत कमरुन्निसा त्यांच्या दाढीतला कापूस काढू लागली, तोही त्यांनी काढू दिला नाही धड.

दुसऱ्या दिवशी सकाळी भुरीबाई आली. तिनं महिन्याभरापूर्वी ठेला सांगून ठेवला होता. दारातूनच म्हणाली, "दादा, मले मजबूत बनवजा हो. सिनेमातल्यावाणी नको."

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण कय्युमभाईंनी हातातली पकड खाली ठेवली, मोडका आक्सल फडक्यात गुंडाळला आणि तडक जिनिंग गाठलं.

संघदीप पुढच्या सीनची तयारी करत होता. उर्वशी खुर्चीवर बसली होती, कोपराला पट्टी बांधून. कय्युमभाईंनी आक्सल टेबलावर आपटला.

"तू मले मजबूत ठेला मांगतला. मंग कापला काहून?"

"चाचा, मजबूत दिसला पाहिजे होता. तुटणं हा तर गमतीचा भाग..."

"मंग मले सांगाचं होतं. मी तुटणारा बनवला असता, त्याच्यावर नाव टाकलं नसतं. आता माहं नाव काढ सिनेमातून."

"नाही निघत चाचा. सगळ्या फ्रेममध्ये हाय."

"मंग लोकायले सांग खरं काय ते. तुह्या सिनेमात कोणी बोलतच नाही का?"

"मधात पाटी येते. काळी पाटी, पांढरी अक्षरं."

"मंग माही पाटी टाक."

संघदीप कळवळला. "हसू मरते चाचा! लोकं रंगात आले आन् मधातच असं सांगतलं, तर सगळा सीन पडते."

"हसू मरते?" कय्युमभाईंचा आवाज चढला. "अन् माहं नाव मेलं तर चालते तुले? आज सकाळी बाई येऊन सांगून गेली मले, मजबूत बनवजा म्हणून! मले!"

उर्वशी खुर्चीवरून उठली. "आक्सल कापला हे मलेही नव्हतं सांगतलं, संघदीप. तू म्हटलं, ठेला थांबन आणि मी अडखळायचं. माह्या चेहऱ्यावर खरी भीती पाहिजे होती ना तुले? कोपर फुटलं." ती कय्युमभाईंच्या बाजूला येऊन उभी राहिली. "चाचाची पाटी टाकशील तर मी आजचा सीन करते. नाही तर मी चालली यवतमाळले."

संघदीपनं दोघांकडं पाहिलं, मग त्या आक्सलकडं. कापलेल्या चकचकीत जागेवरून बोट फिरवलं. "चूक झाली चाचा," तो हळूच म्हणाला. "सांगा, काय लिहू?"

चार महिन्यांनी घाटंजीच्या मंगल कार्यालयात भरदुपारी पडदे ओढून सिनेमा दाखवला. चाक सुटलं, लोक हसले. मग पाटी आली: 'ठेला मजबूत होता. आम्ही आरीनं कापला.' त्यावर तर छत उडेल असं हसले. कय्युमभाई ताडकन उठून मागं वळले. "याच्यात हसण्यासारखं काय हाय?" लोक आणखीच हसले. शेजारी कमरुन्निसानं ओढणी तोंडात कोंबली होती, तिचे खांदे हलत होते.

"तू पण?"

"आप बहुत अच्छे दिख रहे," ती कशीबशी म्हणाली.

बाहेर विठ्ठलराव थांबले होते. "माफ करा कय्युमभाई. मले त्या दिवशी खरंच वाटलं, तुटला." कय्युमभाईंनी मान हलवली, पण त्यांची नजर संघदीपला शोधत होती. तो दिसताच त्यांनी त्याला कोपऱ्यात घेतलं.

"पाटी किती वेळ ठेवली तू?"

"चार सेकंद, चाचा."

"बसंतीबाईले दोन ओळी वाचाले दहा लागतात. ती विचारून राह्यली मले, काय लिहलं होतं म्हणून."

"सिनेमात दहा सेकंद म्हणजे लय होते चाचा."

"होऊ दे."

पुढच्या महिन्यात यवतमाळला सिनेमा लागला तेव्हा पाटी दहा सेकंद होती. उर्वशीनं फोन करून सांगितलं, लोक तीन-चार सेकंद हसले, मग गप्प होऊन वाचत बसले. कय्युमभाई तिकडं गेले नव्हते. भुरीबाईनं आता दुसरा ठेला सांगितला होता, त्याची चाकं बसवायची राहिली होती.