व्हिनेगरने पुसलेला संगणक

मित्रांनो, मी एक जुना, बंद पडलेला संगणक आहे. नाईलकाठच्या रशीद गावात, फिक्रियाबाईंच्या बैठकीच्या खोलीत मी असतो. बाई निवृत्त शिक्षिका. माझी पहिली वर्षे त्यांच्या शाळेत, मुलांची हजेरी लिहिण्यात गेली. शाळेने नवे संगणक घेतले, तेव्हा मला कोणी विचारेना. बाईंनी मला घरी आणले.

खरे काम मला तिथेच मिळाले. बाईंचे पती साबरी लाकडी होड्या बांधत. छातीच्या आजाराने ते अंथरुणाला खिळले, तेव्हा आपल्या कामातले जुने शब्द ते सांगू लागले आणि बाई टंकू लागल्या. शब्दाबरोबर त्यांचे बोलणेही त्या जसेच्या तसे उतरवत. "फळी वाकवायची तर घाई चालत नाही, फिक्रिया. रुसली की मोडते. तुझ्याच जातीची." हेसुद्धा माझ्यात होते. अकरा महिने हे चालले. मग साबरी गेले. बाई एकट्याच माझ्यासमोर बसून ते पुन्हा पुन्हा वाचत.

पुढे मी फार हळू चालू लागलो. बाईंनी धाकटे दीर होस्नी यांना बोलावले. त्यांचे टंकलेखनाचे दुकान होते. गावात ते थट्टेखोर म्हणूनच ओळखले जात.

"वहिनी, याला व्हायरस झालाय," ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले.

"मग उपाय काय?"

"कोमट पाण्यात व्हिनेगर घाला, झाकण काढून आतून छान पुसा. मग तासभर ऊन द्या. आणि हो, आठवडाभर पथ्य. जड काम नाही."

बाई हसल्या नाहीत, हे पाहायला ते थांबलेच नाहीत. कॉफीच्या दुकानात मित्रांना ही गंमत सांगायची त्यांना घाई होती.

साबरींच्या तापात बाई अशाच पाण्याच्या पट्ट्या ठेवत असत. तितक्याच हळुवार हातांनी त्यांनी मला पुसले, फटीफटींत फडके पिळले. मला ओरडता येत नव्हते. गच्चीवरून आणून त्यांनी मला सुरू केले. आत काहीतरी तडतडले, जळका वास आला आणि सारे संपले. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

दुसऱ्या दिवशी होस्नी हसत आत आले. "काय म्हणतोय आपला पेशंट?"

मग त्यांना माझे उघडे पोट दिसले.

"वहिनी, अहो, मी गंमत केली होती."

"तुम्ही सांगितलंत, भावजी, म्हणून केलं," बाई एवढेच म्हणाल्या.

होस्नी मला अलेक्झांड्रियाला घेऊन गेले. तिथल्या कारागिराने नकारार्थी मान हलवली. त्यानंतर चार महिने ते दुपारी दुकान बंद करून होड्यांच्या कारखान्यात जात, म्हाताऱ्या सुतारांना विचारून विचारून शब्द लिहून घेत. ती वही त्यांनी बाईंपुढे ठेवली. बाईंनी ती शेवटच्या पानापर्यंत वाचली.

"शब्द सगळे बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "पण यात ते बोलत नाहीत."

होस्नींना वर बघवले नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्रांना पाण्यापासून जपा, मोलाचे लिखाण दोन ठिकाणी ठेवा. पण एवढ्याने भागत नाही. एखाद्याला आपल्या वस्तूतले काही कळत नाही, म्हणून तो तुम्हाला विचारायला येतो. त्या वस्तूत त्याने काय ठेवले आहे, हे तुम्हाला ठाऊक नसते. त्याला सरळ, खरे उत्तर द्या.