भट्टीमागचं टाकं

"फोतिस, खाचराचं पाणी सोड म्हंतो! गावाला ताप आणलायस तू!"

स्टेर्गिओस कॉफीखान्याच्या दारातनंच ओरडत होता. पाठीवर फवारणीचा पंप, अंगाला ओरेगानोचा उग्र वास. डोंगरातला ओरेगानो न् रानपुदिना आणून तो भट्टीवर तेल काढायचा, साबणाच्या पाण्यात फेटायचा आणि डासांसाठी साऱ्या आळीत फवारायचा. गाव त्याला मानायचं.

फोतिस पेला ठेवून उठला. "मग भात काय खडकावर पिकवू? अक्सिओस नदीच्या काठाला बापजाद्यांपास्नं भातच हाय. डास तवाबी हुतं."

"तवा माणसं मरत न्हवती! तुझी सोताची बायकू पडलीया, तरी डोळं उघडंनात?"

फोतिस पुन्हा खाली बसला. त्याची पोलिक्सेनी त्याच डासाच्या तापानं शहरातल्या दवाखान्यात बेशुद्ध पडली होती. आम्हीही सगळे स्टेर्गिओसचीच री ओढत होतो. फोतिसनं मुकाट्यानं घरांलगतच्या खाचराचा बांध फोडला. भात पोटरीत आलेलं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात. ऑगस्टच्या उन्हानं चिखलाला भेगा पडल्या, पीक उभं वाळलं. डास मात्र हटले नाहीत.

पोलिक्सेनी शुद्धीवर आली, घरी आणली. त्याच सकाळी स्टेर्गिओसच्या बायकोनं, डोम्नानं, नवऱ्याला हाक मारली.

"आवो, हिकडं या. कुंड्यांस्नी पाणी घ्याया आले, तर ह्ये बघा."

भट्टीमागं वाफ थंड करायचं सिमेंटचं टाकं होतं. हंगाम संपल्यावर कुणी ते उपसलंच नव्हतं. पाला कुजून पाणी काळं झालेलं, आणि त्यात अळ्यांची नुसती वळवळ. भिंतीपलीकडं पोलिक्सेनीची खिडकी.

स्टेर्गिओसनं आजूबाजूला पाहिलं. "फळी टाक वर. कुणाला बोलू नगंस. अंधार पडला की उपसतो."

"पाणी उपसाल. आन् फोतिसचं भात?"

तो टाक्याच्या कडेवर बसला, हातानं कुजका पाला बाहेर काढत राहिला. मग हात धुऊन शेजारी गेला. डोम्ना मागनं गेली, तिनंच हे पुढं सांगितलं.

पोलिक्सेनी उशांना टेकून बसली होती. चमचा धरायचं बळ हातात नव्हतं. त्याला बघून हसली. "ये रं स्टेर्गिओ. तुझ्या फवाऱ्यानंच वाचले मी. न्हाईतर ह्या डासांनी खाल्लीच असती."

त्याला मान वर करवेना. "वैनी, डास माझ्याच टाक्यातलं हायती. तुझ्या खिडकीखालच्या."

तिनं तोंड भिंतीकडं केलं.

फोतिस दारात उभा होता. ओरडला नाही. "हितं नगं सांगूस," म्हणाला. "जिथं मला बोललास, तिथं सांग."

स्टेर्गिओस कॉफीखान्यात आला. डोक्यावरची टोपी हातात. आम्ही सगळे होतो. "डास भाताचं न्हवतं. माझ्या टाक्यातलं हुतं. फोतिसचं पीक म्या जाळलं."

कुणी हसलं असतं, शिवी दिली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. आम्ही पेल्यात बघत राहिलो. बांध फोड म्हणून आम्हीही ओरडलोच होतो की.

"आयकलं समद्यांनी?" फोतिसनं विचारलं आणि तो उठून गेला.

आम्हीही एकेक करून उठलो. जो तो आपल्या घरामागं काय साचलंय ते बघायला निघाला.