ठणठणीत घराण्याचा ताप

तीन पिढ्यांचं घड्याळ-दुरुस्तीचं दुकान आता थोरली लेक सांभाळत होती. सांभाळत होती म्हणजे, बोटं सांभाळू देतील तोवर. बोटांचे सांधे असे सुजायचे की चिमट्यातला स्क्रू निसटून थेट शेजारच्या दुकानात सापडायचा! शरीर स्वतःच्याच सांध्यांशी भांडतंय, असं डॉक्टरीणबाईंचं निदान. सहा महिने औषध घेऊन आराम मात्र चार आणे. बोटं आखडली तर दुकानाला कुलूपच.

"घरात आणखी कुणाला काही आजार?" डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं.

"छे! ठणठणीत घराणं आमचं."

ती खोटं बोलत नव्हती. दर तीन आठवड्यांनी तीन दिवस तापणं, याला त्यांच्याकडे आजार म्हणतच नसत. कुणाचं नाक लांब असतं, तसं ते.

पण आज सोबत आत्या होती, आणि आत्याच्या जिभेला हाड नव्हतं.

"आजार कसला! आमचे अण्णा तापले की आई त्यांच्या पाठीवर ओले मोजे वाळवायची. धाकटा भाऊ तापला की गल्लीतली मांजरं उबेला यायची. पोटात अशी कळ, की हसायची चोरी. चौथ्या दिवशी सगळे टुणटुणीत! आम्ही लग्नाच्या तारखासुद्धा ताप बघून धरतो."

"आत्या, पुरे!"

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. त्या लेकीकडे वळल्या. "आणि तुम्हाला?"

"येतो की. पण तो सगळ्यांनाच येतो ना?"

"नाही हो बाई! सगळ्यांना नाही येत!" डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला आणि हसू लागल्या. "सांध्यांचं दुखणं आहेच, पण त्याच्या जोडीला हा वारशाचा तापही आहे. दोघं हातात हात घालून नाचतायत, आणि मी एकालाच दटावत बसले!"

रक्ताच्या तपासणीनेही तेच सांगितलं. तापासाठी वेगळी गोळी सुरू झाली.

तीन महिन्यांनी, ठरल्या तापाच्या दिवशी, आत्या थर्मामीटर घेऊन दुकानात हजर. सकाळ गेली, दुपार कलली, पारा काही हलेना.

"इतक्या वर्षांचा शिरस्ता मोडलास गं!" आत्या म्हणाली, पण तिचे डोळे पाणावले होते. "मलाही लिहून आण ती गोळी."

लेकीने केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरली आणि पहिल्याच फटक्यात जागेवर बसवली. घड्याळ चालू लागलं.

"आत्या, उजेडातून बाजूला हो," ती म्हणाली, आणि तिने पुढचं घड्याळ उघडलं.