चोवीस कारागिरांचं यंत्र

"अहो, झाकण लावा त्याचं! जावई जिना चढतायत."

"दोन स्क्रू राहिलेत," खोक्याच्या आतून उत्तर आलं. आमच्या ह्यांचं डोकं त्या लोखंडी खोक्यात अडकलं होतं आणि बाहेर नुसती पाठ दिसत होती.

कॉम्प्युटर दुरुस्त करण्यात ह्यांचा जन्म गेला. एका मोठ्या कार्यालयाने सर्व्हर बदलले, तेव्हा जुन्यातला एक प्रोसेसर ह्यांनी पदरात पाडून घेतला आणि लेकीसाठी यंत्र बांधायला घेतलं. लेक म्हणजे आमची छोटी. ती कार्टूनपट बनवते. लग्न झालं, नवं घर लागलं. तिथे कामाला यंत्र न्यायचं ते बापाच्या हातचं, असा ह्यांचा हट्ट. पण जावईही कॉम्प्युटरच्याच धंद्यातले. त्यांनी बाजारातून नवाकोरा, साधा टेबलावरचा कॉम्प्युटर आणला. छोटीच्या टेबलावर जागा एकाचीच. मग ठरलं, दोन्ही चालवून बघायचे आणि जिंकेल तो न्यायचा.

मी शिवणकाम करते. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. म्हणून ह्यांनी मला माझ्याच भाषेत समजावलं होतं. "हे बघ, जावयांच्या प्रोसेसरमध्ये आठ कारागीर आहेत. माझ्यात चोवीस! आता सांग, कुठलं दुकान जास्त कपडे शिवेल?"

"कारागीर कसे आहेत त्यावर आहे," मी म्हटलं. त्यावर ते दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

आणि आवाज! ते यंत्र चालू झालं की आतले पंखे असे घोंघावायचे की शेजारीण विचारायची, घरात गिरणी टाकलीत का? छोटीच्या खोलीतून तो आवाज आला की मी माझ्या मशीनवरून ओरडायची, "दार लावा!" हे रोज. पण ह्यांना तो आवाज गोड लागायचा. पडद्यावर प्रत्येक कारागिराचा एक, असे चोवीस चौकोन एकदम भरलेले दिसले की हे बारशाला आल्यासारखे हसायचे.

जावई आले. त्यांचं खोकं छोटं, दिसायला गोंडस. मूग गिळल्यासारखं गप्प.

"बाबा, तुमचं आधी," जावई अदबीने म्हणाले.

छोटी बसली. हातात चित्र काढायचा पेन घेतला आणि पडद्यावर एक मांजर काढायला लागली. तिचा हात पुढे आणि रेघ मागे! शेपटीला गोल वळण दिलं, तर रेघ थांबली, विचार केला आणि मग वळली.

"असं कसं?" हे पुटपुटले. मग छोटीने तेच मांजर जावयांच्या यंत्रावर काढलं. तिथे रेघ पेनाला चिकटूनच पळत होती.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ह्यांनी इतके दिवस चोवीस कारागिरांना एकदम कामाला लावूनच बघितलं होतं. एकट्याच्या हातात सुई दिली, तर तो किती चपळ, हे कधी पाहिलंच नव्हतं. पाहणार कसे? ह्यांना मांजर काढताच येत नाही.

"एका रेघेचं काम एकच कारागीर करतो, बाबा," छोटी हळूच म्हणाली. "आणि तुमचा एकेकटा जरा सावकाश आहे."

"आता पूर्ण कार्टून जोडून बघू," जावई पटकन म्हणाले. गुणी पोरगा. सासऱ्याचा चेहरा पडलेला त्याला बघवेना.

दोन्हीकडे तोच कार्टूनपट लावला. शेकडो चित्रं रंगवून तयार करायची होती. आमची गिरणी सुरू झाली. मी चहा टाकला, कप विसळले, आणि बाहेर आले तर ह्यांचं काम संपलेलं. जावयांचं अजून बरंच बाकी होतं.

"बघा! चोवीस ते चोवीस!" हे उड्या मारायचे बाकी होते.

पण आनंद टिकला नाही. ह्यांनीच पेन उचलून जावयांच्या यंत्रापाशी ठेवला.

"छोटे, हे ने. दिवसभर तू चित्रं काढणार. रेघ हाताच्या मागे राहिली तर जीव वैतागेल तुझा."

"मग तुमचं इथेच राहू दे. मी तिकडून इंटरनेटवर चित्रं पाठवीन, तुमचे कारागीर रंगवतील."

"हो, हो. पाठव," हे म्हणाले. पण मला कळलं, ह्यांना वाटलं, ती नुसती समजूत काढतेय. आणि खरं सांगते, मलाही तसंच वाटलं.

छोटी गेली. खोलीत रिकामं टेबल उरलं आणि कोपऱ्यात ते खोकं. छोटीला तिकडूनच ते चालवता यावं म्हणून जावयांनी जाताना सगळ्या तारा जोडून दिल्या होत्या, तरी खोकं गप्पच. हे रोज फडक्याने धूळ पुसत आणि बाहेर येत. घर असं शांत झालं की माझ्या शिवणयंत्राचा आवाज मलाच खायला उठायचा. कशाला गं गेलीस, असं वाटायचं. लेक सुखात आहे हे माहीत असूनही वाटायचं.

एका दुपारी मी बाही जोडत होते. एकदम खोलीतून घरघर सुरू झाली. हे दाढी करता करता, गालाला साबण तसाच ठेवून धावत आले. पडद्यावर चोवीसही चौकोन काठोकाठ भरलेले.

तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, काम पाठवलंय. उद्या द्यायचंय, माझ्या यंत्रावर होणारच नाही. तुमचे कारागीर मोकळे आहेत ना?"

"मोकळे? अगं, वाटच बघत होते!" ह्यांचा आवाज चढला. साबणाचा फेस फोनला लागला.

फोन ठेवून ह्यांनी गालावरचा साबण पुसला. मग माझी आठवण झाली असावी. सवयीने वळले आणि आवाज नको म्हणून खोलीचं दार ओढायला लागले.

"असू दे उघडं," मी म्हटलं आणि पुन्हा बाहीला हात घातला.