शालनची सही

"साहेब, हा पण तापतोय. हात लावून बघा," शालन म्हणाली.

उदयसिंहांनी हात लावला नाही. तुर्भ्याच्या त्या कारखान्याचे ते इंजिनिअर, आणि शालनने सकाळपासून नापास केलेला हा सत्ताविसावा बोर्ड. मासेमारी बोटींवर संकटात मदत मागायचं यंत्र तिथे बनत होतं. बटण दाबलं की सिग्नल बोर्डवरून कनेक्टरमध्ये, तिथून केबलने अँटेनाला जायचा.

शालन कोरेगावची, नववी शिकलेली. पण एकोणीस वर्षांत तिला एक पक्कं कळलं होतं. सिग्नलची वाट सगळीकडे पन्नास ओहमची लागते. मध्येच कमी-जास्त झाली की सिग्नल तिथून माघारी फिरतो आणि बोर्डलाच जाळतो. या खेपेला कनेक्टर नवा, बारीक पिनेचा आला होता. त्याच्या खालचा तांब्याचा पट्टा मात्र जुनाच, रुंद राहिला होता. जोडापाशी पन्नासचे पस्तीस झाले होते.

"पट्टा बारीक करून बोर्डच नवे मागवायला पायजेत."

"सहा आठवडे जातील, शालनताई. शुक्रवारी माल गेला नाही तर ऑर्डर रद्द. मग ही लाइन बंद. बावीस बायका आहेत."

"आणि बोटीवर बंद पडलं तर?"

"दोन मिनिटांत मेसेज जातो. तेवढा वेळ टिकेल. मी तपासणीच्या मशीनची मर्यादा थोडी ढिली करतो. तुम्ही सही करा."

शालनने मागे वळून पाहिलं. माना खाली घालून बायका सोल्डरिंग करत होत्या. तिने सही केली. मग दर बोर्डाला एक अशा दोनशे कागदांवर केली.

चार महिन्यांनी त्यातला एक बोर्ड प्लास्टिकच्या पिशवीतून परत आला. करंजा बंदराची बोट उलटली होती. चौघे वाचले. सारसोळ्याचा कान्हा नावाचा खलाशी तिसऱ्या दिवशी मेलेला सापडला.

"पाणी शिरलं असं लिहा," उदयसिंह हळू आवाजात म्हणाले.

"पाणी नाय शिरलं. आतून जळलाय."

ती लिहीत नाही हे पाहून त्यांनी स्वतःच रिपोर्ट लिहिला. खाली तपासणाऱ्याचं नाव आधीपासून छापलेलं होतं. तिचंच.

रविवारी ती विचारत विचारत कान्हाच्या घरी पोचली. त्याची आई मालतीबाई अंगणात सुकट मासळी वाळत पसरत होती.

"तो बटन दाबीतच व्हता, बरोबरचे सांगतान," मालतीबाई म्हणाली. "कोनाला आयकू गेलाच नाय. तू कोन गो?"

"ते मशीन मी तपासलं होतं. सही माझीये."

मालतीबाईचे हात थांबले. "मंग मशीन बरा व्हता ना?"

शालनने येताना बरंच काही सांगायचं ठरवलं होतं. बावीस बायका, ऑर्डर, साहेब. त्यातलं एकही कारण तिने पुढे केलं नाही.

"नव्हतं," ती म्हणाली. "मला माहीत होतं."

मालतीबाई गुडघ्यावर हात टेकून उठली, आत गेली आणि आतून कडी लागली.

सुकट तशीच उघडी पडली होती. कुंपणावरून दोन कावळे खाली उतरले. शालन पुढे झाली, पदराने त्यांना हाकललं आणि तिथेच, उन्हात, राखण करत बसली.